मदत हवी आहे: यूएमएल प्रोफाइलमध्ये ओसीएलची अट अडलीये

नमस्कार मंडळी, नाशिकच्या द्राक्ष एक्स्पोर्टवाल्या पॅकहाऊससाठी सॉफ्टवेअर करतोय. यूएमएलच्या (सॉफ्टवेअरचा आराखडा चित्रांत मांडायची स्टँडर्ड भाषा) साध्या क्लास डायग्राममध्ये कोल्डरूम काय न् क्रेट काय, सगळे चौकोन सारखेच, म्हणून यूएमएल २.५ वर प्रोफाइल (यूएमएलला आपल्या कामाचे शब्द जोडणारी भर) बनवलं, क्लास हा मेटाक्लास (यूएमएलचा मूळ घटक) एक्स्टेंड करून «कोल्डरूम» आणि «सेन्सर» हे स्टिरिओटाइप (क्लासवर लावायची खास लेबलं), कोल्डरूमला किमान-कमाल तापमानाच्या टॅग्ड व्हॅल्यू (लेबलासोबतची माहिती). टूल एक्लिप्स पॅपिरस.

अटी ओसीएलमध्ये (मॉडेलवरच्या अटी लिहायची भाषा) लिहिल्यात. कमाल हे किमानपेक्षा जास्तच हवं, ही अट टूल बरोबर पकडतं, ते एकाच स्टिरिओटाइपच्या आतलं आहे ना. पण प्रत्येक कोल्डरूमला निदान एक सेन्सर जोडलेला हवाच, इथे गाडी अडते. बेस_क्लासवरून (स्टिरिओटाइपकडून त्याच्या क्लासकडे नेणारा दुवा) ॲट्रिब्यूटच्या टाइपपर्यंत पोचतो, पण ओसीएलआयएसकाइंडऑफ (अमुक प्रकारचं आहे का, ही तपासणी) लावलं की कायम फॉल्स, कारण समोर येतो तो नुसता क्लास, त्यावरचा «सेन्सर» नाही. प्रोफाइल परत डिफाइन करून मॉडेलवर नव्याने अप्लाय करून झालंय.

वेगळं मेटामॉडेल (स्वतःची मॉडेलिंग भाषा) बनव असं प्लीज सांगू नका, क्लायंटला स्टँडर्ड यूएमएलच हवंय, आणि जावात व्हॅलिडेटर लिहिणं अगदीच नाइलाज झाला तर.

तर क्लासकडून त्याच्यावर लावलेल्या स्टिरिओटाइपकडे ओसीएलमधून जायचं कसं, गेटअप्लाइडस्टिरिओटाइप वापरून की एक्स्टेन्शनच्या (क्लास आणि स्टिरिओटाइप यांची जोडणी) उलट्या टोकाने?