सासूबाईंचे गुडघे आणि नणंदेची दोन मुलं: रविवारी कुठली बाग?

बिबवेवाडीची_मामी:
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत नणंद सोलापूरहून पुण्याला येतेय. बरोबर मुलगा ९ वर्षांचा, मुलगी साडेतीनची. घरात सासूबाई आहेत, त्यांना शंभरेक पावलांवर बसायला लागतं. 'तुम्ही जा, मी राहते घरी' असं त्या दरवेळी म्हणतात आणि खरंच ठेवून गेलं की चार दिवस फक्त भांड्यांशी बोलतात. तेव्हा त्या येणारच.

हातात रविवारचा अर्धा दिवस. मॉल नको, मागच्या वेळी फुग्यावरून जी रडारड झाली ती पार्किंगपर्यंत पुरली. आमच्या घराजवळच्या छोट्या बागेत दोन झोके साखळी गुंडाळून वर टांगून ठेवलेत आणि तिसऱ्यावर कॉलेजची जोडी बसलेली असते. त्यामुळे ती बाद. डोक्यात तीन नावं आहेत: सारसबाग आणि शेजारचं पेशवे पार्क, सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान, नाहीतर कात्रजचं प्राणीसंग्रहालय. माणसं सहा, गाडी एक. डबा न्यावा की बाहेर खावं, तेही सांगा.

सिंहगडरोडकर:
पु. ल. उद्यान माझ्या घरापासून दहा मिनिटांवर, त्यामुळे मी त्याच्याच बाजूने बोलायला हवं. पण नाही बोलणार. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली १० एकरांची बाग आहे. वाहतं पाणी, छोटे पूल, तळ्यातले मासे, सगळं देखणं. पण ती बघायची बाग आहे, हुंदडायची नाही. साडेतीन वर्षांच्या मुलीला हिरवळ दाखवून 'यावर जायचं नाही' हे किती वेळा सांगाल? तीन वेळा पाणी दाखवायचं आणि चौथ्यांदा उचलून घ्यायचं, एवढंच हातात राहतं. नणंद आणि तुम्ही दोघीच एखाद्या संध्याकाळी जा, गप्पांना झकास.

पेठेतला_खवचट:
कात्रजला चालायची तयारी आहे का सासूबाईंची? १३० एकर आहे ते. आतल्या गाडीला रविवारी रांग, आणि वाघ गाठाल तेव्हा तो झोपलेला. रविवारऐवजी मधल्या वारी जायचं मनात आलं तर बुधवार सोडा, बुधवारी बंद असतं. बाकी बागांचं म्हणाल तर महापालिकेच्या बहुतेक बागा दुपारी मिटतात. पुणेकरांची परंपरा झाडांनीही उचललीय. बाराला निघाल तर कुलूप बघून याल.

अर्धवेळ_आजोबा:
ताई, आधी बाक शोधा, मग बाग.

मी पोस्टात होतो. आयुष्यभर पत्रं पोचवली, आता दोन नाती पोचवतो आणि आणतो. या कामात एक गोष्ट शिकलो. आजी जिथे बसतील तिथून घसरगुंडी दिसली पाहिजे. दिसली नाही की त्या दर पाच मिनिटांनी 'पोरगी कुठाय' म्हणत उठतात. गुडघे चालण्याने जात नाहीत इतके त्या उठबशीने जातात. म्हणून गेटमधून आत शिरल्यावर मुलं पळाली तरी तुम्ही पळू नका. आधी सावलीतला, पाठ असलेला बाक धरा. सासूबाईंना बसवा, पिशव्या त्यांच्याजवळ द्या (पिशव्या सांभाळायला दिल्या की त्यांना आपण ओझं आहोत असं वाटत नाही), आणि मग मुलांच्या मागे जा.

तुमच्या मंडळींना पेशवे पार्क आणि सारसबागच बरं. एका फेरीत दोन्ही होतं. पेशवे पार्कातली मुलांची छोटी आगगाडी, फुलराणी, आणि मी एकाच वर्षाचे, १९५६ चे. डागडुजी मात्र तिची माझ्यापेक्षा जास्त वेळा झालीय. आम्ही लहान असताना प्राणीही तिथेच होते, वाघाच्या पिंजऱ्याचा वास आधी यायचा आणि वाघ नंतर दिसायचा. १९९९ साली ते सगळे कात्रजला गेले. गाडी राहिली. पण एक करा: तिकीट हातात पडल्याशिवाय मुलांपुढे गाडीचं नाव काढू नका. कधी दुरुस्तीसाठी थांबलेली असते, कधी रांग मोठी असते. नाव काढलंत आणि गाडी निघाली नाही, तर पुढचा तासभर तुम्ही खोटारड्या.

वेळ सकाळची धरा. संध्याकाळी सारसबागेत रविवारी पाय ठेवायला जागा नसते, आणि संकष्टी आली तर विचारूच नका. साडेआठ-नऊला पोचलात तर ऊन कोवळं आणि बाक रिकामे. मात्र डिसेंबरात त्या वेळी घसरगुंडीवर दव असतं. एक जुना पंचा न्या आणि आधी पुसून घ्या. नाहीतर पहिल्याच घसरणीत चड्डी ओली, दुसरी चड्डी गाडीत, आणि गाडी अर्धा किलोमीटर लांब. हे अनुभवाचे बोल आहेत, चड्डी माझ्या धाकट्या नातीची होती.

सारसबागेतल्या गणपतीचं दर्शन शेवटी ठेवा. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं करवलं, मध्ये बेट ठेवलं. गणपती १७८४ चा, सवाई माधवरावांच्या काळातला. तळं आटवून बाग झाली, तरी म्हातारी माणसं अजून 'तळ्यातला गणपती'च म्हणतात. थंडीत त्याला स्वेटर आणि कानटोपी घालतात. मुलांना ते आधी सांगू नका, त्यांचं त्यांना दिसू दे.

डबा न्याच. दशम्या, शेंगाची चटणी. सोलापूरच्या माणसाला चटणी मी काय सांगणार म्हणा.

कॅम्पातली_मावशी:
आजोबांनी सगळं सांगितलंच आहे, तरी एम्प्रेस गार्डनचं नाव कुणी काढलं नाही म्हणून लिहिते. रेसकोर्सजवळ. तिकीट आहे, पण झाडं अशी की दुपारीही ऊन खाली पोचत नाही. आत गारंबीचा वेल आहे, खोडासारखा जाड, या झाडावरून त्या झाडावर गेलेला. माझा मुलगा त्याला अजगर समजून माझ्या ओढणीत शिरला होता. जानेवारीच्या शेवटी तिथे फुलांचं प्रदर्शन भरतं, सासूबाईंना तेव्हा न्या. बिबवेवाडीहून मात्र सारसबाग जवळ, तेव्हा या रविवारी तिथेच.

मीटरगेज:
९ वर्षांच्या मुलाला फुलराणी 'बाळांची गाडी' वाटणार, लिहून ठेवा. त्याच्यासाठी पेशवे पार्कात साहसी खेळांचा भाग आहे. तोही नाही जमला तर स्वारगेटहून मेट्रोने सिव्हिल कोर्टापर्यंत जाऊन या. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेला हा टप्पा पूर्ण जमिनीखालून आहे. कसबा पेठ सोडलं की गाडी मुठा नदीच्या खालून जाते. माझा पुतण्या त्या वेळी छताकडे बघत बसला होता, गळतंय का म्हणून.

बिबवेवाडीची_मामी:
जाऊन आलो! लिहायला चार दिवस लागले, कारण पाहुणे काल गेले.

नऊला पोचलो. आजोबांचं ऐकून मी थेट बाकाकडे गेले, यजमान मात्र सवयीने मुलांच्या मागे. बाक छान मिळाला, मागे झाड, समोर घसरगुंडी. सासूबाईंनी पिशव्या ओळीने मांडल्या आणि दोन तास जागच्या हलल्या नाहीत. शेजारी बार्शीच्या एक आजी येऊन बसल्या. हुरड्यावरून सुरुवात झाली आणि त्यांच्या धाकट्या सुनेपर्यंत गेली. सासूबाईंनी आपल्या सुनेबद्दल काय सांगितलं ते मी जवळ जाताच थांबलं.

पंचा कामी आला. आम्ही पुसत होतो ते बघून आणखी दोन आयांनी मागितला, मग मी जवळजवळ तिथली कर्मचारीच झाले.

फुलराणीचं नाव काढलं नव्हतं, शिट्टी ऐकू आली आणि धाकटीने स्वतःच काढलं. भाचा 'मी नाही बसणार, बाळांची आहे' म्हणाला (मीटरगेज, सलाम). बहिणीला सोबत म्हणून बसला आणि उतरल्यावर दुसऱ्या तिकिटाचे पैसे मागायला आला. मेट्रो राहिली.

गणपतीपाशी धाकटीने खूप वेळ मान वर करून बघितलं. सकाळपासून ती स्वेटर घालत नव्हती, टोचतो म्हणून. मग आईला म्हणाली, "बाप्पाला टोचत नाही?" नणंद म्हणाली, "विचार त्यालाच." तिने काय विचारलं माहीत नाही, पण मंदिराच्या पायऱ्या उतरताना स्वेटर अंगात होता. उलटा.

दशम्या बागेबाहेर गाडीत बसून खाल्ल्या. चटणी नणंदेने आणलेली होती, तिची तारीफ करायची माझी पाळी.

फक्त पंचा बाकावर राहिला. निळ्या काठाचा, एका कोपऱ्याला भोक. सासूबाई त्यावरून अजून ऐकवतायत.

अर्धवेळ_आजोबा:
उद्या सकाळी धाकटीला घेऊन जाणारच आहे, बघतो. भोक कुठल्या कोपऱ्याला, वरच्या की काठाजवळच्या?