अथेन्सला अर्धा दिवस मोकळा आहे, एखादं उपनगर सुचवा

पायवाट:
मंडळी, ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन अथेन्सला जातेय. अ‍ॅक्रोपोलिस, म्युझियम वगैरे सगळं ठरलंय पण एक अर्धा दिवस मोकळा आहे आणि तो टुरिस्टांच्या गर्दीत नाही, तिथली साधी माणसं राहतात अशा ठिकाणी घालवायचाय. आई इतिहास शिकवायची त्यामुळे इतिहास हवाच, पण तिचे गुडघे दुखतात, फार चढ नको.

दर्यावर्दी:
निआ स्मिर्नी. सिंटाग्मा चौकातून ट्राम आहे, चालायला लागतच नाही. १९२२ ला स्मिर्ना (आत्ताचं तुर्कस्तानातलं इझमीर) जळालं, तिथून जीव मुठीत धरून आलेल्या ग्रीकांची ही वस्ती, नावच 'नवं स्मिर्ना'. पानिओनिओस हा खेळांचा क्लब १८९० मध्ये तिकडे सुरू झाला होता, तोही या लोकांबरोबर इकडे आला. चौक मोठा आहे, बसायला मस्त.

कडुनिंब:
निआ स्मिर्नी छानच, पण मी कामासाठी तीन वर्षं अथेन्सला होतो आणि मला विचाराल तर केसरियानी. शहराच्या पूर्वेला इमितोस डोंगराच्या पायथ्याशी आहे, सेंटरपासून जेमतेम तीन-चार किलोमीटर. हीसुद्धा निर्वासितांचीच वस्ती, आधी तंबू आणि झोपड्या, मग छोटी छोटी घरं.

आईंना घेऊन टॅक्सीने थेट वर डोंगरातल्या जुन्या केसरियानी मठापाशी जा, म्हणजे चढ वाचेल. चर्च साधारण अकराव्या शतकाचं आहे, आतले चार खांब कुठल्या तरी प्राचीन इमारतीचे उचलून वापरलेत. भिक्षूंच्या न्हाणीघराचा पुढे तेलाचा घाणा झाला, तोही बघायला मिळतो. आणि भिंतीत दगडी मेंढ्याचं डोकं आहे, त्याच्या तोंडातून झऱ्याचं पाणी येतं, मी दर खेपेला तिथे थांबायचो. आजूबाजूला पाइनची झाडी आहे ती बरीचशी माणसांनी लावलेली, युद्धाच्या काळात लाकूडफाट्यासाठी डोंगर बोडका झाला होता.

मग खाली वस्तीत या आणि नेमबाजीचं जुनं मैदान बघा. आता तिथे बाग आहे, पण १ मे १९४४ ला नाझींनी याच ठिकाणी २०० कम्युनिस्ट कैद्यांना गोळ्या घातल्या. दक्षिणेत एक जर्मन जनरल मारला गेला होता त्याचा सूड. त्यातले बरेच जण तर युद्धाआधीच्या मेटाक्सास या ग्रीक हुकूमशहाच्या काळापासून तुरुंगात होते, ग्रीक सरकारनेच त्यांना जर्मनांच्या हवाली केलं होतं. अथेन्सजवळच्या हैदारीच्या कैद्यांच्या छावणीतून ट्रकने आणताना त्यांनी घरच्यांसाठी चिठ्ठ्या लिहून रस्त्यात टाकल्या, लोकांनी त्या उचलून पोचवल्या. छावणीत नेपोलियन सुकात्झिदिस नावाचा दुभाषा होता, जन्म तुर्कस्तानातल्या बुर्साचा, म्हणजे तोही निर्वासितच. कमांडंट त्याला सोडायला तयार होता, पण माझ्या जागी दुसऱ्या कुणाला मारणार असाल तर नको म्हणाला आणि गेला. तिथे उभं राहिल्यावर मला बोलताच यायचं नाही. २०१५ मध्ये त्सिप्रास पंतप्रधान झाले तेव्हा शपथ घेऊन आधी इथेच फुलं वाहायला आले होते.

समई:
+१ केसरियानी. येताना २२४ नंबरची बस मिळेल, सेंटरला येते. मठाच्या वेळा मात्र आदल्या दिवशी बघून घ्या, आम्ही गेलो तेव्हा दार बंद होतं आणि नुसतं अंगण बघून परतलो.

पायवाट:
कडुनिंब, खूप खूप आभार. आईला वाचून दाखवलं, ती चिठ्ठ्यांपाशी थांबवून म्हणाली परत वाच. केसरियानीच नक्की. मठापासून खाली चालत आलं तर तिला झेपेल का?

कडुनिंब:
चालत नको, उतार गुडघ्यांना जास्त त्रास देतो आणि पाइनच्या सुयांवरून पाय घसरतो. टॅक्सीवाल्याला वरतीच थांबायला सांगा, कारण वर रिकामी टॅक्सी मिळत नाही. मठ आधी बघून घ्या, मैदानावर मात्र दुपारी उशिरा जा, संध्याकाळी इमितोस जांभळा होतो तो मैदानाच्या बाजूने छान दिसतो.