विषारी, क्रियाशील, संक्षुब्ध : विशेषण नेमके कोणाचे?

चर्चेसाठी आलेला प्रश्न वरवर पाहता तीन वेगळ्या शास्त्रांतील तीन शब्दांचा आहे. विषविज्ञानातील ‘विषारी’, जीवरसायनशास्त्रातील ‘क्रियाशील’ आणि प्रवाहांच्या भौतिकीतील ‘संक्षुब्ध’ किंवा ‘प्रक्षुब्ध’ (इंग्रजीत ‘टर्ब्युलंट’, म्हणजे भोवऱ्यांनी ढवळून निघालेला) हे शब्द मराठी लेखनात कसे वापरावेत, आणि प्रचलित पर्यायांपैकी कोणता पत्करावा, असे विचारले आहे. पर्यायांचा विचार पुढे करतोच. पण त्याआधी या तिन्ही शब्दांना लागू असलेली एक अडचण मांडणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. तिन्ही विशेषणे आहेत, वाक्यात ती एखाद्या पदार्थाला जोडली जातात, आणि तिन्ही ठिकाणी तो गुण त्या पदार्थाचा एकट्याचा नसून पदार्थ ज्या परिस्थितीत सापडतो त्या परिस्थितीचाही असतो. शब्द कितीही नेमका घडवला, तरी तो चुकीच्या नामाला लावला तर वाचकाची समजूत चुकतेच.

‘विषारी’पासून सुरुवात करू. पॅरासेल्सस या युरोपीय वैद्याने १५३८ मध्ये मांडलेला विचार विषविज्ञानाचा पाया मानला जातो. सर्वच वस्तूंत विष आहे आणि एखादी वस्तू विष ठरू नये हे केवळ मात्रेमुळे घडते, असा त्याचा आशय आहे. मराठीच्या दृष्टीने येथे समाधानाची गोष्ट ही की ‘मात्रा’ हा शब्द आपल्याकडे वैद्यकातून आधीच रुळलेला आहे आणि त्यात मोजून घेतल्याचा अर्थ पक्का बसलेला आहे. ‘प्रमाण’ या शब्दाचे तसे नाही. हवेतील वायूचे प्रमाण, रक्तातील औषधाचे प्रमाण, पोटात गेलेल्या विषाचे प्रमाण, दोन घटकांचे एकमेकांशी प्रमाण अशा चार निरनिराळ्या राशींना आपण हा एकच शब्द लावतो. विषविज्ञानात मात्र या राशी काटेकोरपणे वेगळ्या ठेवाव्या लागतात. शरीरात एकूण किती पदार्थ गेला ती मात्रा. हवेच्या, पाण्याच्या किंवा रक्ताच्या ठरावीक आकारमानात तो किती आहे ती संहती. आणि त्या संहतीला शरीर किती काळ सामोरे गेले तो संपर्ककाल. लेखकाने ‘प्रमाण’ लिहिले की या तिन्हींपैकी कोणती राशी अभिप्रेत आहे हे वाचकाने ओळखायचे, आणि बहुतेक वेळा ते ओळखता येत नाही. शास्त्रीय मजकुरात ‘प्रमाण’ हा शब्द केवळ गुणोत्तरासाठी राखून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच संदर्भात ‘अर्धमारक मात्रा’ या शब्दप्रयोगाबद्दलही लिहायला हवे. १९२७ मध्ये ट्रेव्हन या संशोधकाने औषधांची तीव्रता तोलण्यासाठी अशी मात्रा वापरावी असे सुचवले की जी दिल्यावर प्रयोगातील निम्मे प्राणी मरतात. ‘अर्धमारक’ हा शब्द ऐकणाऱ्याला मात्र ही मात्रा प्राण्याला अर्धमेले करते असे वाटते, म्हणजे अर्थ पुरता बदलतो. संख्याशास्त्रात ‘मध्यक’ हा शब्द शालेय पुस्तकांपासून परिचित आहे, म्हणून ‘मध्यक मारक मात्रा’ म्हणावे, किंवा सरळ ‘निम्म्यांना मारक मात्रा’ असे लिहावे. दुसरा पर्याय थोडा लांब आहे, पण त्यात गैरसमजाला जागा उरत नाही.

‘विषाक्त’ हा शब्द ‘विषारी’ या अर्थाने अलीकडे बराच दिसतो. त्याची घडण ‘विष’ अधिक ‘अक्त’ अशी आहे आणि ‘अक्त’ म्हणजे माखलेला. अमरकोशात तो विष लावलेल्या बाणाच्या संदर्भात येतो. अशा बाणाला तेथे दिग्ध आणि लिप्तक अशी नावे दिली आहेत. ग्रीक भाषेत विषासाठी जो शब्द पुढे ‘टॉक्सिन’ आणि ‘टॉक्सिकॉलॉजी’ यांच्या मुळाशी आला, तोही धनुष्यावरून, म्हणजे बाणाला लावण्याच्या विषावरून आलेला आहे. दोन दूरच्या भाषांनी एकाच शस्त्रावरून शब्द घ्यावा, हे मला फार लक्षणीय वाटते. तरीही आजच्या लेखनात ‘विषाक्त’ हा शब्द बाहेरून विष लागलेल्या किंवा विष मिसळलेल्या वस्तूसाठी, उदाहरणार्थ दूषित पाण्यासाठी, ठेवावा आणि पदार्थाच्या अंगच्या परिणामासाठी ‘विषारीपणा’ म्हणावे. हा भेद राखला तर दोन्ही शब्दांना काम मिळते.

‘जीवविष’ हा शब्द सजीवाने तयार केलेल्या विषासाठी चांगला आहे. दंशाने किंवा नांगीने टोचल्या जाणाऱ्या विषासाठी मात्र वेगळा शब्द हवा, आणि ‘दंशविष’ हा शब्द त्यासाठी पुरेसा बोलका आहे. सर्व जीवविषे प्रथिने असतात असा समज आढळतो, तो बरोबर नाही. फुगा माशातील टेट्रोडोटॉक्सिन हा प्रथिनाच्या मानाने अगदी लहान रेणू आहे.

विषविज्ञानाचा आणि जीवरसायनशास्त्राचा सांधा येथे लागतो, कारण काही अतितीव्र जीवविषे स्वतःच विकरे (एंझाइम) असतात, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी पण तीत स्वतः न संपणारी प्रथिने. एरंडीच्या बीमधील रिसिन हे जीवविष पेशीतील रायबोसोमच्या, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या, आरएनएमधून एक विशिष्ट अ‍ॅडेनीन काढून टाकते आणि तेवढ्याने त्या रायबोसोमचे प्रथिननिर्मितीचे काम थांबते. बोट्युलिनम या जिवाणूचे जीवविष चेतापेशीतील एका ठरावीक गटातील प्रथिने कापते, त्यामुळे चेतासंदेश स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. रेणू एकदा वापरून संपत नाही, तो पुनःपुन्हा तेच काम करतो, म्हणूनच इतकी अल्प मात्रा पुरते. विकराचे लक्षण आणि विषाची तीव्रता या दोन गोष्टी येथे एकाच कारणाने स्पष्ट होतात.

‘विकर’ की ‘एंझाइम’ हा वाद मी लांबवणार नाही. कोणताही एक शब्द घ्यावा आणि लेखात शेवटपर्यंत तोच ठेवावा. ‘प्रथिन’ हा मात्र शब्द घडवण्याचा आदर्श आहे. मुल्डर या रसायनशास्त्रज्ञाने १८३८ मध्ये बर्झेलियस या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून वापरात आणलेल्या ‘प्रोटीन’ या मूळ शब्दात ‘पहिले, अग्रस्थानी असलेले’ असा अर्थ आहे, आणि ‘प्रथिन’मध्ये ‘प्रथम’ ऐकू येतो, शिवाय मूळ शब्दाचा नादही टिकतो. असे भाग्य फार थोड्या पारिभाषिक शब्दांना लाभते.

अडचण आहे ती ‘क्रियाशील विकर’ या जोडीत. पेप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर जठरातील तीव्र आम्लात, सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा अंक) २ च्या आसपास, जोमाने काम करते आणि सामू उदासीन झाला की त्याचे काम थांबते. म्हणून ‘पेप्सिन क्रियाशील आहे’ हे वाक्य सामू, तापमान आणि ज्या पदार्थावर ते काम करते त्याची संहती सांगितल्याशिवाय अपुरे राहते. मिखाएलिस आणि मेंटेन यांनी १९१३ मध्ये विकरक्रियेचा वेग आणि ही संहती यांचा संबंध मांडला तेव्हापासून वेगाचा आकडा परिस्थितीसह देण्याची शिस्त या शास्त्रात आहे. मराठी वाक्यांनीही ती पाळायला हवी.

याहून अधिक दिशाभूल ‘निर्विषीकरण’ हा शब्द करतो. यकृतातील विकरे बाहेरून आलेल्या पदार्थांत जे रासायनिक बदल घडवतात, त्या सर्वांना सरसकट हा शब्द लावला जातो. मिथेनॉलचे उदाहरण पाहावे. मिथेनॉल स्वतः त्या मानाने कमी अपायकारक असते. परंतु अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे विकर त्याचे फॉर्माल्डिहाइड करते, त्यापासून पुढे फॉर्मिक आम्ल बनते, आणि हे आम्ल साचल्यामुळे दृष्टी जाते, प्राणही जातो. येथे यकृताने विष उतरवले नाही, घडवले. उपचारात फोमेपिझोल हे औषध देतात ते याच विकराला अडवण्यासाठी, म्हणजे ज्याला आपण ‘निर्विषीकरण’ म्हटले असते तेच थांबवण्यासाठी. म्हणून या प्रक्रियेचे सर्वसाधारण नाव ‘जैवरूपांतरण’ असावे, आणि परिणाम खरोखर सौम्य झाला असेल तेथेच ‘निर्विषीकरण’ म्हणावे.

बोलीतील क्रियापदांकडे या क्षेत्रातील लेखकांनी पाठ फिरवू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. विष भिनते, चढते, उतरते. विषविज्ञान शोषण, वितरण, चयापचय आणि उत्सर्जन असे चार टप्पे मानते. त्यांपैकी शोषण आणि वितरण मिळून जे घडते ते ‘भिनणे’ हे क्रियापद नेमके पकडते, आणि परिणामाचा काळानुसार काढलेला आलेख ‘चढणे’ आणि ‘उतरणे’ या दोन क्रियापदांत मावतो. विषावरच्या औषधासाठी ‘प्रतिविष’ हा शब्द आहेच, पण तो विषाविरुद्ध बनवलेल्या प्रतिपिंडांच्या रसासाठी ठेवून, इतर सर्व औषधांसाठी ‘उतारा’ म्हणणे मला अधिक योग्य वाटते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाच्या विषबाधेत अ‍ॅट्रोपीन देतात ते विषाशी थेट भिडत नाही, त्याचा चढलेला परिणाम उतरवते. ‘उतारा’ या शब्दात हे बरोबर सामावलेले आहे.

आता प्रवाहांकडे वळू. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काचेच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडली होती. वेग कमी असताना ती धार नळीभर सरळ रेषेसारखी टिकली. वेग वाढवत नेल्यावर एका टप्प्यानंतर ती एकाएकी विस्कटली आणि रंग नळीभर पसरला. पाणी तेच, नळी तीच, बदलला तो वेग. नळीचा व्यास आणि प्रवाहाचा वेग यांच्या गुणाकाराला द्रवाच्या गतिक श्यानतेने (वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधाला घनतेने भागून येणाऱ्या राशीने) भागले की जो अंक मिळतो त्याला आज रेनॉल्ड्स अंक म्हणतात, आणि नळीतील प्रवाह साधारण २००० च्या पुढे अस्थिर होऊ लागतो. २ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत पाणी सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगाने वाहत असेल तर हा अंक सुमारे १००० येतो. वेग दसपट केला की तो १०,००० होतो. त्याच नळीत, त्याच वाढीव वेगाने ग्लिसरीन वाहू लागले तर हाच अंक जेमतेम १० च्या आसपास राहतो. त्यामुळे ‘संक्षुब्ध द्रव’ ही जोडी चुकीची ठरते. द्रव संक्षुब्ध नसतो, प्रवाह संक्षुब्ध असतो, आणि हा नियम लेखनात अपवादाशिवाय पाळला जावा.

‘प्रक्षोभ’ आणि ‘संक्षोभ’ यांपैकी मी ‘संक्षोभ’च्या बाजूने आहे. ‘प्रक्षोभ’ हा शब्द जनतेच्या रागासाठी इतका रूढ झाला आहे की वाचकाच्या मनात आधी जमाव उभा राहतो. ‘क्षोभ’ शब्दच भावनेचा आहे, म्हणून तो भौतिकीत नको, असा एक आक्षेप घेतला जाऊ शकतो. तो मला पटत नाही. ‘क्षुभ्’ या धातूचा अर्थ हलणे, डहुळणे, खवळणे असा आहे आणि समुद्राचा क्षोभ हा प्रयोग जुना आहे. शिवाय भौतिकशास्त्रज्ञ केल्व्हिन यांनी १८८७ मध्ये इंग्रजी भौतिकीत आणलेला ‘टर्ब्युलन्स’ हा शब्दही लॅटिनमधील गर्दी किंवा गोंधळ या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. ‘खळाळ’ हा शब्द सुंदर आहे, परंतु तो आवाजाचा आहे आणि संक्षोभ पूर्ण निःशब्दही असू शकतो.

‘कोलाहल’ किंवा ‘अव्यवस्था’ हे शब्द मात्र संक्षोभासाठी वापरू नयेत, कारण ते गणितातील वेगळ्या संकल्पनेसाठी (इंग्रजीत ‘केऑस’) लागतात. हवामानशास्त्रज्ञ लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवले की अवघ्या तीन समीकरणांची व्यवस्थाही सुरुवातीच्या सूक्ष्म फरकामुळे पुढे पूर्णपणे निराळी वाट धरते. तिच्यात संक्षोभ नाही, कारण संक्षोभाला अनेक आकारांचे भोवरे एकाच वेळी लागतात. मोठे भोवरे फुटून लहान भोवरे होतात, त्यांतून आणखी लहान, आणि ऊर्जा अशी खाली सरकत शेवटी श्यानतेमुळे उष्णतेत विरते. गणितज्ञ कोल्मोगोरॉव्ह यांनी १९४१ मध्ये या वाटणीचा नियम मांडला. या रचनेला ‘ऊर्जेची उतरंड’ म्हणावे असे मी सुचवतो. एकावर एक रचलेल्या, क्रमाने लहान होत जाणाऱ्या मडक्यांचे चित्र त्या शब्दात तयार आहे, आणि ‘उतरणे’ हे क्रियापदही त्यात ऐकू येते.

‘विसरण’ आणि ‘मिश्रण’ यांची सरमिसळ हा शेवटचा मुद्दा, आणि तो तिन्ही शास्त्रांना लागू आहे. विसरण हे रेणूंच्या स्वैर हालचालीचे काम आहे. पाण्यात लहान रेणूला त्यामुळे १ सेंटिमीटर अंतर पार करायला दिवसभराच्या आसपास वेळ लागतो, तर पेशीच्या आत, सेंटिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या अंतरात, तेच काम एका सेकंदाच्या आत होते. विकरांना ढवळण्याची गरज भासत नाही ती यामुळे. मोठ्या अंतरावर पदार्थ पसरतो तो मुख्यतः भोवऱ्यांमुळे, आणि त्याला ‘संक्षोभी मिश्रण’ म्हणावे.

हा भेद विषारी वायूच्या गळतीत जीवनमरणाचा ठरतो. भोवऱ्यांनी वाहून नेलेला वायू एकसारखा पसरत नाही. त्याचे पट्टे होतात, त्यामुळे एकाच जागी उभ्या असलेल्या माणसाला तो कधी दाट लागतो आणि कधी लागतच नाही. समजा १० मिनिटे संहती एकसारखी १ एकक राहिली, आणि दुसऱ्या वेळी ती २ मिनिटे ५ एकक व उरलेली ८ मिनिटे शून्य होती. सरासरी दोन्ही वेळा १ येते आणि संहती गुणिले काळ हा गुणाकारही दोन्ही वेळा १० येतो. परंतु क्लोरीन, अमोनिया यांसारख्या वायूंचा परिणाम संहतीच्या १ हून मोठ्या घातानुसार वाढतो. घात २ धरला तर पहिल्या वेळी १० आणि दुसऱ्या वेळी ५० असा हिशेब येतो, म्हणजे पाचपट. ‘हवेतील विषारी वायूचे सरासरी प्रमाण मर्यादेत होते’ या वाक्यात हा सगळा फरक दिसेनासा होतो. त्या जागी ‘सरासरी संहती’ आणि ‘कमाल संहती’ असे दोन वेगळे आकडे, प्रत्येकाचा कालावधी देऊन, लिहिले जावेत.