मदत हवी आहे: ऑफिसच्या पीसीवर एसिंकरॅट सापडला, फॉरमॅटच करायचा ना?

नमस्कार मंडळी,

सांगलीत माझ्या मेव्हण्यांचं जीएसटी-आयटीआर भरण्याचं छोटं ऑफिस आहे. तिथल्या एका पीसीवर काल विंडोजच्या डिफेंडरने एसिंकरॅट (दुरून पीसीचा ताबा घेऊ देणारा मालवेअर) पकडला. क्लायंटच्या नावाने आलेल्या मेलमधली झिप कुणीतरी उघडली होती. आतल्या फाइलचं नाव बिलाचं, शेवटी मात्र '.जेएस', म्हणजे उघडताच चालणारी स्क्रिप्ट! डिफेंडर म्हणतो, काढून टाकलं. पण टास्क शेड्युलरमध्ये लॉगिन होताच ॲपडेटामधली एक फाइल चालवणारं टास्क अजून तसंच आहे.

लॅनची वायर काढलीय, पीसी चालू ठेवलाय. मेल-बँकेचे पासवर्ड मोबाइलवरून बदलले, जुनी सगळी सेशन्स बंद केली. मेव्हणे म्हणतात, चांगला अँटिव्हायरस टाकू, झालं. मला ते पटत नाही. मालवेअर चालवणाऱ्याला स्क्रीन दिसत होती, टाइप केलेलं सगळं कळत होतं. त्याने आणखी काय काय टाकून ठेवलं असेल कोण जाणे.

खरी अडचण डीएससीची, म्हणजे डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटची. ते ज्यात असतं ते यूएसबी टोकन दिवसभर त्याच पीसीला लावलेलं असायचं. त्यातली सहीची गुप्त की (किल्ली) कॉपी होत नाही हे ठाऊक आहे, पण पिन टिपला गेला असेल तर टोकन लावलेलं असताना परस्पर सही होऊ शकते ना? नुसता पिन बदलून भागेल की सर्टिफिकेट रद्दच करायचं?

टॅलीचा डेटा बाहेर काढताना काय सांभाळायचं? फॉरमॅटआधी डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) घ्यावी का? पैसे गेलेले नाहीत, तरी सायबर पोर्टलवर तक्रार करावी का? आणि सर्ट-इनचा (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २०२२चा, सायबर घटना ६ तासांत कळवण्याचा नियम एकमालकी ऑफिसलाही लागतो का?

ज्यांनी असं प्रकरण निस्तरलंय त्यांनी जरा सांगा. रिटर्नची तारीख तोंडावर आहे.