प्रतिलेखन, प्रत्यांकन की नक्कल? आरएनएच्या शब्दांवर चर्चा

रावपुऱ्यातून:
माझी भाची इथेच बडोद्यात गुजराती माध्यमात बारावीला आहे. काल अभ्यास करता करता म्हणाली, "मामा, डीएनएवरून आरएनए बनतो त्याला आमच्या पुस्तकात 'प्रत्यांकन' म्हणतात. मराठीत काय?" मी 'नक्कल' सांगितलं. मग पाहिलं, तर महाराष्ट्राच्या दहावीच्या पुस्तकात 'प्रतिलेखन' आहे, आणि पुढे आरएनएवरून प्रथिन बनतं त्याला 'भाषांतरण'. तरी मला वाटतं, नक्कल हा घरातला शब्द आहे, मुलांना लगेच कळतो. तो का चालू नये?

दांडिया बाजारातून:
नक्कल हा शब्द डीएनएवरून डीएनए होतो तिथे ठेवा. पेशी दुभंगण्याआधी डीएनएची, म्हणजे आनुवंशिक मजकुराची, सगळी पोथीच उतरून काढली जाते, ती नक्कल. आरएनए बनताना पोथीतलं हवं तेवढंच पान उतरवतात, आणि तेही जसंच्या तसं नाही.

इथे 'प्रति' हा उपसर्ग मला मोलाचा वाटतो. प्रत म्हणजे नक्कल, हे आहेच. पण प्रतिबिंब, प्रतिपक्ष या शब्दांत 'समोरचं' असाही अर्थ आहे. डीएनएचा मजकूर ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत असतो; एच्या समोर टी (आरएनएत यू) आणि जीच्या समोर सी बसतं. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एक साचा होतो. साच्यावर टी-ए-सी असेल तर आरएनएत समोर ए-यू-जी येतं. डीएनएच्या दुसऱ्या धाग्यावर त्या जागी ए-टी-जी असतं. म्हणजे आरएनए हा एका धाग्याचं प्रतिबिंब आणि दुसऱ्याची प्रत, फक्त टीच्या जागी यू. दोन्ही अर्थ एका 'प्रति'मध्ये बसले. गुजरातीतल्या 'प्रत्यांकन'मध्येही तोच 'प्रति' आहे, तेव्हा भाचीला काही नवं शिकायचं नाही.

माझे आजोबा गायकवाडीतले मोडी कागद बाळबोधीत उतरवून देत. अक्षराचं वळण बदलायचं, भाषा मराठीच राहायची. प्रतिलेखनाचं तसंच आहे. प्रथिन मात्र वेगळ्याच भाषेत आहे, तिथे चार अक्षरं नाहीत, वीस अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे घटक, आहेत. म्हणून त्या पायरीला भाषांतरण. हे दोन शब्द अदलाबदल करून वापरले की मुलाला विषयच कळत नाही.

रावपुऱ्यातून:
पटलं. मग 'संदेशवाहक आरएनए'चं काय, म्हणजे प्रथिनाचा मजकूर ज्यात उतरवलेला असतो त्याचं? पेशव्यांच्या काळात पत्रं नेणाऱ्याला जासूद म्हणत, तो संदेशवाहक. हा आरएनए जासूदच ना?

अलकापुरीतून:
मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. या शब्दाशी माझं जमलं नाही ते याच कारणाने. जासूद वेगळा, त्याच्या हातातला खलिता वेगळा. इथे रेणूच मजकूर आहे, कुणी तो घेऊन येत नाही. मी वर्गात 'संदेश आरएनए' म्हणत असे. खलिता काम झाल्यावर फाडून टाकतात तेही इथे लागू पडतं: जिवाणूंमध्ये तो काही मिनिटांतच मोडून टाकला जातो, आपल्या पेशींत पुष्कळदा काही तास टिकतो. तसं नसतं तर कालची आज्ञा आजही पाळली गेली असती.

आणखी एक. अमिनो आम्ल आणून देणाऱ्या 'वाहक आरएनए'ला मी 'दुभाष्या' म्हणत असे. त्याच्या एका अंगाला तीन अक्षरं असतात, ती संदेशातल्या तीन अक्षरांशी जुळतात. दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल. नुसत्या 'वाहक' शब्दाने हे दोन भाषा जाणणं दिसत नाही. असा कुणीतरी मधला असलाच पाहिजे, हे डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक, फ्रान्सिस क्रिक यांनी १९५५ मध्येच, तो सापडण्याआधी, तर्काने सांगितलं होतं.

मांजलपूरहून:
ताई, दुभाष्या शब्द सुंदर आहे, पण एक अडचण मांडतो. त्या आरएनएच्या टोकाला कोणतं अमिनो आम्ल चिकटवायचं हे तो स्वतः ठरवत नाही. ते काम प्रत्येक अमिनो आम्लाच्या स्वतंत्र विकराचं (एन्झाइमचं). विकराने चुकीचं आम्ल लावलं तर आरएनए तेच निमूट पोचवतो. तेव्हा दोन्ही भाषा खऱ्या अर्थाने जाणतो तो विकर.

अलकापुरीतून:
बरोबर आहे तुमचं. मग 'वाहक' राहू दे, आणि दुभाष्या हा मान विकराला देऊ.

दांडिया बाजारातून:
'रायबोझ'ची गंमतही सांगतो. आरएनएतली ही साखर. १८९१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी 'अरॅबिनोझ' या साखरेच्या नावातली अक्षरं फिरवून हे नाव केलं, आणि अरॅबिनोझ हे नाव अरबी डिंकावरून आलं, बाभळीच्या कुळातल्या झाडाच्या. पुढे यावरूनच रायबोझोम, म्हणजे पेशीतला प्रथिनं बांधणारा कारखाना. त्याची रचना उलगडणाऱ्यांत वेंकटरामन रामकृष्णन आहेत, २००९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधले एक. त्यांचं बालपण बडोद्यातलं, आणि बीएस्सी इथल्या सयाजीराव विद्यापीठातूनच, तीही भौतिकशास्त्रात. रायबोझोममध्ये अमिनो आम्लांचा सांधा जोडतो तो तिथला आरएनएच, हे याच संशोधनातून पक्कं झालं. म्हणजे आरएनए नुसता निरोप नव्हे, कारागीरही आहे.

रावपुऱ्यातून:
भाचीला सगळं वाचून दाखवलं. तिचा प्रश्न: यू-ए-ए, यू-ए-जी, यू-जी-ए यांना 'पूर्णविराम' म्हणायचं का?

दांडिया बाजारातून:
खुशाल म्हणा. चार अक्षरांतून होणाऱ्या तीन-तीन अक्षरांच्या चौसष्ट शब्दांपैकी या तिघांना अमिनो आम्ल नाही, तिथे प्रथिन सुटतं. पण स्वल्पविराम कुठेच नाही, शब्दांत जागाही नाही, अगदी मोडीसारखं सलग. म्हणून कुठून वाचायला लागायचं हे ठरलेलं असावं लागतं, आणि बहुधा ते ए-यू-जीपासून. तिला हे लिहून द्या: कमळबदकमगर. पहिल्यापासून तीन-तीन अक्षरं घेतली तर कमळ, बदक, मगर. आता पहिला 'क' खोडून पुन्हा वाचायला सांगा: मळब, दकम, गर.