रेकॉर्डिंगमध्ये मधूनच 'टक्', सीपीयू मात्र मोकळा

रियाज४८:
नमस्कार मंडळी. विंडोज लॅपटॉप, १६ जीबी रॅम, यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आणि त्याचाच असिओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरात पोचवणारा). ४८ किलोहर्ट्झला गाणं रेकॉर्ड करतेय. बफर (आवाज पुढे पाठवण्याआधीचा तात्पुरता साठा) १२८ सॅम्पल, म्हणजे आवाजाचे नमुने, ठेवला की मधूनच 'टक्' वाजतं आणि तेच रेकॉर्डिंगमध्येही उतरतं. १०२४ केला की थांबतं, पण हेडफोनमध्ये माझाच आवाज मागून येतो आणि लय सुटते. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू २० टक्क्यांच्या वर जात नाही. रॅम वाढवू का?

खर्जातला:
रॅमवर पैसे घालवू नका. तो २० टक्क्यांचा आकडा सरासरीचा आहे. १२८ सॅम्पल म्हणजे जेमतेम २.७ मिलिसेकंद. एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर तेवढा वेळ अडवून धरला की बफर रिकामा पडतो. बाकी सगळा सेकंद प्रोसेसर रिकामा असून काय उपयोग?

लेटन्सीमॉन (कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवतो ते दाखवणारं सॉफ्टवेअर) दहा मिनिटं चालू ठेवा, मग ड्रायव्हर्सच्या यादीत सर्वाधिक वेळ खाणारा वर येईल असा क्रम लावा. एनडीआयएस (विंडोजचा नेटवर्कचा भाग) वर आला तर बहुधा वायफाय, एसीपीआय (वीज सांभाळणारा भाग) आला तर बॅटरी किंवा पॉवर मॅनेजमेंट. दोषी हाती लागेपर्यंत बाकी कशालाही हात लावू नका. एकदम दहा सेटिंग बदलली की कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

आणि 'पीसी फास्ट करा' छापाची सॉफ्टवेअर कृपा करून टाकू नका. ती स्वतःच मागे काहीबाही चालवत बसतात.

रियाज४८:
एनडीआयएसच वर आहे! वायफाय बंद केल्यावर बरंच कमी झालं, पण अधूनमधून एखादं 'टक्' येतंच.

खर्जातला:
मग आता पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर न्या, त्यातच यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) बंद करा. इंटरफेस हबमधून जोडला असेल तर काढून थेट लॅपटॉपला लावा.

तरी राहिलं तर १२८ चा हट्ट सोडा. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण किंवा नॉब असेल तर तुमचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता हेडफोनमध्ये येतो. मग बफर १०२४ ठेवला तरी गाताना अडत नाही. फक्त रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग (गाताना आवाज ऐकवणं) बंद ठेवा, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येईल. गाताना सॉफ्टवेअरमधला रिव्हर्ब (आवाजाची घुमट) लागतोच, असं असेल तर मात्र बफर खालीच ठेवावा लागेल.

स्वरवेडा:
नुसतं ऐकायचं असेल तेव्हा उलट बफर बिनधास्त मोठा ठेवा. आणि प्लेअरला वासापी एक्स्क्लुझिव्ह मोड (विंडोजचा मिक्सर टाळून आवाज थेट इंटरफेसला देणारी सोय) असेल तर तो लावा, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झची फाइल विंडोजच्या मिक्सरमध्ये ४८ ला बदलली जात नाही.