आईच्या रिपोर्टमध्ये ‘एमएलएच१ लॉस’: आधी मिथायलेशन टेस्ट की आम्हा भावंडांचं रक्त? मदत हवी आहे

बाळकुमची:
नमस्कार मंडळी. मी ठाण्यात राहते. जूनमध्ये आईचं (वय ६७) मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. गाठ उजव्या बाजूला होती. हिमोग्लोबिन ७ वर आलं तरी आम्ही तीन महिने बीट, खजूर आणि लोहाच्या गोळ्यांवरच काढले, त्याची टोचणी आहेच. असो. गाठ पूर्ण निघाली, १९ लिम्फ नोड तपासले, सगळे स्वच्छ. स्टेज २.

घोळ रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर आहे. गाठीत चार प्रथिनं तपासली होती: एमएलएच१ आणि पीएमएस२ लॉस, म्हणजे दिसत नाहीत; एमएसएच२ आणि एमएसएच६ शाबूत. बीआरएएफ व्ही६००ई (गाठीत कधीकधी सापडणारा एक जनुकबदल) आढळलं नाही. खाली ओळ: ‘एमएलएच१ प्रमोटर मिथायलेशन तपासणी करावी.’ सर्जननी कागद चाळला आणि म्हणाले, केमो नको, मुलांनी मात्र जेनेटिक टेस्ट करून घ्या. पुढचा पेशंट दारात उभा होता.

दोन रात्री वाचून मला उमगलं ते असं, चुकत असेन तर कान धरा. पेशी डीएनएची नक्कल करते तेव्हा होणाऱ्या चुका दुरुस्त करायला जी प्रथिनं लागतात, त्यातलं एक एमएलएच१. त्याचं जनुक दोन तऱ्हांनी बंद पडतं. एक तर जनुकाच्या अक्षरांतच चूक, आणि ती जन्मापासूनची असेल तर लिंच सिंड्रोम, म्हणजे घराण्यात वारशाने येणारा कॅन्सरचा धोका. मग मुलांकडे येण्याची शक्यता निम्मी. नाहीतर अक्षरं सगळी बरोबर, पण जनुकाच्या तोंडाशी, प्रमोटरवर, मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक गटांचे थर बसतात (हेच मिथायलेशन) आणि पेशी ते जनुक वाचतच नाही. पुस्तक धड आहे, पण पानं चिकटलेली. हे बहुतेक उतारवयात त्या आतड्यातच होतं, वारशाने येत नाही.

आईचं यातलं कुठलं? बीआरएएफ नाही म्हणजे लिंचच का? मी ४१ ची, भाऊ ३६ चा. दोघांनी लगेच रक्त द्यावं का? एक मामा ४७ व्या वर्षी ‘पोटाच्या कॅन्सरने’ गेला, एवढंच घरात माहीत आहे.

स्लाइडवाली:
ताई, मी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. तरी घाबरू नका.

पीएमएस२ चं वेगळं काही बिघडलेलं असेलच असं नाही. ते एमएलएच१ च्या जोडीनेच टिकतं. जोडीदार गेला की तेही दिसेनासं होतं.

बीआरएएफ सापडलं असतं तर लिंच जवळजवळ बाद झालं असतं. सापडलं नाही म्हणून लिंच ठरत नाही, कारण मिथायलेशनमुळे झालेल्या बऱ्याच गाठींत बीआरएएफ बदललेलं नसतंच. मोठ्या आतड्याच्या साधारण १५ टक्के कॅन्सरमध्ये ही दुरुस्ती बंद पडलेली असते आणि त्यातल्या बहुतेकांत कारण मिथायलेशनच असतं. आईचं वय आणि उजवी बाजू, दोन्ही तिकडेच बोट दाखवतात.

टेस्ट आईच्या गाठीवर होते, तुमच्यावर नाही. ऑपरेशनमध्ये काढलेल्या आतड्याचे तुकडे मेणात बसवतात, ते मेणाचे ब्लॉक हॉस्पिटलमध्ये जपून ठेवलेले असतात. अर्ज करून गाठीचा ब्लॉक घ्या, सोबत निरोगी आतड्याचाही मागा. त्यातला डीएनए काढून बायसल्फाइट नावाचं रसायन लावतात. मिथाइल नसलेला सायटोसिन (डीएनएच्या अक्षरांतलं एक) त्याने बदलतो, मिथाइल असलेला तसाच राहतो, त्यावरून कळतं. ब्लॉक रिक्षात मांडीवर घ्या, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. मेण आहे ते.

वाशीकर_काका:
केमो का नको, हे कुणी सांगितलं नाही वाटतं. स्टेज २ मध्ये दुरुस्ती बंद पडलेली गाठ असेल तर परतण्याचा धोका मुळात कमी असतो आणि नुसत्या फाइव्ह-एफयूचा (केमोचं नेहमीचं औषध) फायदा दिसत नाही. डॉक्टरांचं बरोबर आहे, फक्त घाई झाली.

आमच्याकडे लिंच आहे, बायकोच्या माहेरून. अनुभवाचं सांगतो: आधी मुलांचं रक्त देऊ नका. तुमचं निगेटिव्ह आलं तर घरात दोष नाहीच की तुमच्याकडे आला नाही, हे कळणार कसं? आधी आईचं. तिच्यात बदल सापडला तर तुम्हा दोघांत तेवढाच एक बदल शोधायचा, खर्चही कमी. टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सर जेनेटिक्सची ओपीडी आहे. तिथे वंशावळ काढायला बसवतात, म्हणून घरून विचारून जा. नुसतं आतडं नाही, आजी-मावश्यांच्या गर्भाशयाच्या कॅन्सरचंही विचारा. लिंचमध्ये तोही येतो. आमच्या सासूबाईंचं ‘पिशवी काढली’ एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं, का काढली ते कुणी विचारलंच नव्हतं.

बाळकुमची:
दोघांचे आभार. अर्ज दिला, ब्लॉक सोमवारी मिळतील. आईला सांगितलं तर म्हणाली, ‘पानं चिकटली असतील तर माझीच, तुमची कशाला उघडून बघता?’

काल साताऱ्याला मामीला फोन केला. मामाची फाइल दिवाळीच्या साफसफाईत गेली. पण ती म्हणाली, शेवटचं वर्षभर त्यांच्या पोटाला पिशवी लावलेली होती, रोज तीच बदलायची. म्हणजे तो ‘पोटाचा’ नव्हे, आतड्याचाच ना?

स्लाइडवाली:
बहुधा हो. शौचाची पिशवी होती की लघवीची, तेवढं मामीला पुन्हा विचारा. आतड्याचा असेल तर ४७ हे वय फार लवकरचं आहे. अशा घरात मिथायलेशन पॉझिटिव्ह आलं तरी तेवढ्यावर थांबत नाहीत, कारण लिंचच्या गाठीतही कधीकधी ते दिसतं. जेनेटिक्सवाल्यांना हे पहिल्यांदा सांगा आणि आईचं रक्त द्यायचंच असं धरून जा. तुमची नि भावाची कोलोनोस्कोपी कधी करायची तेही तिथेच विचारा. लिंच निघालं तर ती विशी-पंचविशीपासून दर १-२ वर्षांनी करतात, म्हणजे भावालाही उशीरच झालाय.

बाळकुमची:
शौचाचीच. आत्ताच विचारलं.